प्लेगची साथ, मुंबई इलाख्यातील

मुंबई इलाख्यात १८९६ मध्ये उद्भवलेली ग्रंथिक प्लेगची साथ आणि तिच्या निवारणार्थ इलाखा शासनाने योजलेले उपाय, ही भारतातील सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातील एक महत्त्वाची घटना होय. साथीच्या प्रसंगी शासनाने नागरिकांच्या घरात, शरीरावर व धर्माचारांत कितपत हस्तक्षेप करावा, हा प्रश्न या देशात प्रथमच एवढ्या तीव्रतेने पुढे आला. या साथीतून १८९७ चा साथरोग अधिनियम, मुंबई नगर सुधार न्यास आणि परळ येथील प्लेग संशोधन प्रयोगशाळा या तीन चिरस्थायी गोष्टी निर्माण झाल्या. तसेच पुण्यातील रँडचा वध व लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाचा पहिला खटला या राजकीय घटनाही घडल्या. मराठी वृत्तपत्रांनी या रोगाला ‘ग्रंथिक सन्निपात’ असे नाव दिले. सामान्य लोक त्याला ‘गाठीचा ताप’ किंवा नुसते ‘गाठीचे दुखणे’ म्हणत.

पार्श्वभूमी : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चीनच्या युनान प्रांतात प्लेगचा उपद्रव चालू होता. तेथून तो कँटन व हाँगकाँग या बंदरांत १८९४ मध्ये पोहोचला. त्याच वर्षी हाँगकाँग येथे अलेक्झांडर येर्सँ या शास्त्रज्ञाने प्लेगच्या जंतूचा शोध लावला. जपानी शास्त्रज्ञ कितासातो यांनीही त्याच सुमारास स्वतंत्रपणे तसा शोध जाहीर केला. हाँगकाँग व मुंबई यांच्यातील जहाजांची वाहतूक नियमित होती आणि जहाजांतील मालाबरोबर उंदीरही प्रवास करीत. बंदरालगतच्या मांडवी भागात धान्याच्या वखारी आणि दाट वस्तीच्या चाळी एकमेकींना लागून होत्या. १८९१ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. गिरण्यांच्या वाढीमुळे कोकण व घाटावरून आलेल्या मजुरांची शहरात दाटी झाली होती. एकेका खोलीत अनेक कुटुंबे राहत. खोल्यांत उजेड व वारा येत नसे, मोऱ्या व गटारे तुंबलेली असत. त्यातच १८९६-९७ मध्ये दख्खनच्या बऱ्याच भागांत दुष्काळ पडला.

रोगाचे निदान : सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात तीव्र ताप व जांघेत किंवा काखेत गाठ येऊन रुग्ण दगावू लागले. मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस (१८५६–१९३३) यांनी हा रोग ग्रंथिक प्लेग असल्याचे ओळखले आणि २३ सप्टेंबर रोजी नगरपालिकेच्या स्थायी समितीत ते जाहीरपणे सांगितले. या निदानाचे स्वागत झाले नाही. प्लेगचे नाव उच्चारताच परदेशी बंदरे मुंबईच्या मालाला बंद होतील, अशी व्यापारी वर्गाला भीती होती. आरोग्य खात्यानेही प्रारंभी रोगाचे स्वरूप सौम्य शब्दांत मांडले. शासनाने कलकत्त्याहून वाल्डेमार हाफकिन या जंतुशास्त्रज्ञास पाचारण केले. ऑक्टोबरच्या प्रारंभी मुंबईस येऊन त्यांनी सूक्ष्मदर्शकीय तपासणीने निदानास पुष्टी दिली. परंतु निदान निश्चित झाले, तरी रोग पसरतो कसा हे त्या वेळी कोणासही ठाऊक नव्हते. घाण, दमट जमीन, दूषित हवा व रोग्याचा संसर्ग ही कारणे सर्वसाधारणपणे मानली जात. शासनाचे पुढील जवळजवळ सर्व उपाय या समजुतीवर आधारलेले होते आणि त्यांच्या अपयशाचे बीज तिच्यातच होते.

नगरपालिकेचे उपाय (ऑक्टोबर १८९६–फेब्रुवारी १८९७) : साथीचा प्रतिकार करण्याची जबाबदारी प्रथम मुंबई नगरपालिकेवर पडली. पी. सी. एच. स्नो हे नगरपालिकेचे आयुक्त व डॉ. टी. एस. वेअर हे आरोग्याधिकारी होते. गटारांतून समुद्राचे पाणी व कार्बॉलिक अम्ल सोडणे, घरांना चुना लावणे, अंधाऱ्या खोल्यांत उजेड यावा म्हणून छपरांची कौले काढणे, रोग्याचे कपडे व अंथरुणे जाळणे, नळाचे पाणी तोडणे असे उपाय नगरपालिकेने अवलंबिले. मनुष्यवस्तीस अयोग्य ठरविलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ ही इंग्रजी अद्याक्षरे रंगविली जात. पुढे संशोधनाने असे दिसून आले, की गटारे धुण्याने आणि घरे उकरण्याने उंदीर मरत नसत. ते फक्त शेजारच्या घरांत व मोहल्ल्यांत स्थलांतर करीत.

६ ऑक्टोबर १८९६ रोजी स्नो यांनी १८८८ च्या नगरपालिका अधिनियमान्वये एक जाहीरनामा काढून प्लेगच्या रुग्णास सक्तीने रुग्णालयात नेण्याचा अधिकार आपल्या हाती घेतला. रुग्णालयात मृत्यूचे प्रमाण फार मोठे होते, कारण रुग्ण तेथे बहुधा अखेरच्या अवस्थेत पोहोचत. त्यामुळे रुग्णालयात नेणे म्हणजे मरणाच्या दारात नेणे, असा समज दृढ झाला. रुग्णालयात माणसे मारून त्यांच्या शरीरापासून ‘मोमाई’ नावाचे औषधी तेल काढतात, अशा अफवा उठल्या. जातीबाहेरच्या माणसाच्या हातचे पाणी, स्त्रियांची परपुरुषाकडून तपासणी आणि नातलगांपासून दूर होणारा मृत्यू या गोष्टी हिंदू व मुसलमान दोन्ही समाजांना असह्य होत्या. २९ ऑक्टोबर रोजी गिरणीकामगारांच्या मोठ्या जमावाने ऑर्थर रोड येथील साथरोग रुग्णालयावर हल्ला केला. या रुग्णालयाचे काम डॉ. नसरवानजी होरमसजी चोकसी पाहत होते. दंग्याच्या दुसऱ्याच दिवशी सक्तीचे नियम शिथिल करण्यात आले.

या माघारीमागे केवळ दंग्याची भीती नव्हती. शहराची सफाई ज्या हलालखोर व झाडूवाल्या कामगारांवर अवलंबून होती, ते घाबरून शहर सोडून गेले तर मुंबईची अवस्था प्लेगपेक्षाही बिकट होईल, याची स्नो यांना जाणीव होती. समाजाने सर्वांत खालच्या पायरीवर ठेवलेल्या या वर्गाच्या हातीच प्रत्यक्षात नगराचे जीवित होते, हे सत्य या साथीने उघड केले.

स्थलांतर : शासनाची सक्ती व रोगाचे भय या दोहोंमुळे लोकांनी शहर सोडण्यास सुरुवात केली. फेब्रुवारी १८९७ पर्यंत मुंबईची निम्म्याच्या जवळपास वस्ती बाहेर गेली, असा त्या वेळचा अंदाज होता. बाजारपेठा ओस पडल्या. मजुरांअभावी गिरण्या बंद पडू लागल्या, तेव्हा मालक एकमेकांचे कामगार पळवू लागले आणि महिनाभर अडकवून ठेवण्याची रीत सोडून रोजच्या रोज मजुरी देणे त्यांना भाग पडले. आगगाडी व आगबोटींनी गेलेल्या या लोकांबरोबर रोगही कोकण, पुणे, सातारा, सुरत, कराची इ. ठिकाणी गेला. १९०१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ७,७६,००६ भरली. वाढत्या शहराची लोकसंख्या दहा वर्षांत घटावी, ही गोष्ट साथीच्या तीव्रतेची कल्पना देते.

साथरोग अधिनियम : मुंबईतील साथीचे परिणाम आंतरराष्ट्रीय होते. यूरोपीय राष्ट्रांनी हिंदुस्थानच्या मालावर निर्बंध घालण्याचे ठरविले आणि १८९७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये व्हेनिस येथे याच प्रश्नावर आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. मुंबईहून निघणारी हज यात्राही त्या वर्षी बंद ठेवावी लागली. कडक उपाय योजल्याचे जगाला दाखविणे ब्रिटिश शासनाला व्यापाराच्या दृष्टीने आवश्यक वाटले. अशा परिस्थितीत गव्हर्नर जनरलच्या विधिमंडळाने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम (१८९७ चा तिसरा) संमत केला.

हा अधिनियम अवघ्या चार कलमांचा होता. प्रचलित कायदे अपुरे आहेत असे वाटल्यास शासनाने साथीच्या प्रतिबंधासाठी कोणतेही तात्पुरते नियम करावेत, प्रवाशांची तपासणी करावी, संशयितांना रुग्णालयात वा अन्यत्र विलग ठेवावे, असे अधिकार त्याने दिले. नियमभंग हा भारतीय दंडसंहितेच्या १८८ व्या कलमाखालील अपराध ठरविला. शेवटच्या कलमान्वये सद्‌भावनेने केलेल्या कृत्याबद्दल कोणाही व्यक्तीवर दावा किंवा अन्य कायदेशीर कारवाई करता येणार नाही, असे संरक्षण देण्यात आले. ‘साथरोग’ म्हणजे काय याची व्याख्या अधिनियमात नव्हती; विलग केलेल्या माणसाच्या हक्कांविषयी, त्याच्या मालमत्तेच्या नुकसानभरपाईविषयी किंवा शासनाच्या कर्तव्यांविषयीही त्यात कलम नव्हते. अधिकार व्यापक आणि उत्तरदायित्व नाममात्र, असे त्याचे स्वरूप होते.

मुंबईची प्लेग समिती : मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट (कार. १८९५–१९००) यांनी मार्च १८९७ मध्ये ब्रिगेडियर जनरल डब्ल्यू. एफ. गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली मुंबई शहरासाठी प्लेग समिती नेमली. त्यामुळे साथनिवारणाचे काम लोकनियुक्त नगरपालिकेच्या हातून निघून लष्करी अधिकाऱ्याच्या हाती गेले. समितीने घरोघर शोध घेणारी पथके नेमली, रेल्वेस्थानकांवर व बंदरांवर प्रवाशांची वैद्यकीय तपासणी सुरू केली आणि विलगीकरण छावण्या उघडल्या. तथापि गॅटेकर यांनी लोकांच्या भावनांची काही प्रमाणात दखल घेतली. शोधपथकांबरोबर त्या त्या भागातील प्रतिष्ठित गृहस्थ ठेवण्यात आले, स्त्रियांच्या तपासणीसाठी स्त्री-डॉक्टर नेमल्या गेल्या आणि निरनिराळ्या जातिजमातींना स्वतःच्या खर्चाने स्वतंत्र रुग्णालये काढण्यास प्रोत्साहन देण्यात आले. आपल्या माणसांच्या सहवासात व आपल्या आचारानुसार उपचार होऊ लागल्यावर अनेकांचा रुग्णालयाला असलेला विरोध कमी झाला. यावरून लोकांचा विरोध उपचाराला नसून उपचाराच्या पद्धतीला होता, हे स्पष्ट होते.

पुणे येथील उपाय व रँडचा वध : पुण्यात १८९६ च्या अखेरीस बाहेरून आलेले रुग्ण आढळले आणि १८९७ च्या प्रारंभी साथ सर्वत्र पसरली. फेब्रुवारीत वॉल्टर चार्ल्स रँड या सनदी अधिकाऱ्याची पुण्याच्या प्लेग समितीचा अध्यक्ष म्हणून नेमणूक झाली. सातारा जिल्ह्यात असताना वाईच्या वाद्यप्रकरणात त्याने घेतलेल्या कठोर भूमिकेमुळे तो आधीच अप्रिय होता. मुंबईत माघार घ्यावी लागली होती. पुण्यात तसे होऊ नये, असा निर्धार या नेमणुकीमागे दिसतो. घरांच्या झडतीसाठी गोऱ्या सैनिकांचा उपयोग करण्यात आला. मार्चच्या मध्यापासून मे महिन्यापर्यंत शहराच्या सर्व पेठांत झडत्या चालू होत्या. पथके घराला वेढा घालीत, देवघर व स्वयंपाकघर यांसह सर्व खोल्या तपाशीत, रुग्णाला रुग्णालयात व घरातील इतरांना विलगीकरण छावणीत पाठवीत. नंतर घराचे निर्जंतुकीकरण करून जमीन उकरली जाई व सामान जाळले जाई.

रँडचे लेखी आदेश सौम्य भाषेत होते. धर्मभावना न दुखविण्याच्या व स्त्रियांची तपासणी स्त्रियांकडून करविण्याच्या सूचना त्यांत होत्या. परंतु एतद्देशीय भाषा व आचार यांची ओळख नसलेल्या सैनिकांच्या हातून त्यांचे पालन होणे अवघड होते. चीजवस्तू नाहीशा होणे, देवघरे विटाळणे, रस्त्यात स्त्रीपुरुषांची तपासणी करणे, प्लेग नसलेल्यांनाही उचलून नेणे इ. तक्रारी वृत्तपत्रांतून व अर्जांद्वारे सतत मांडल्या गेल्या. पण त्यांची चौकशी क्वचितच झाली. पंडिता रमाबाईंनीही मे १८९७ मध्ये मुंबईच्या एका इंग्रजी पत्रात पुण्याच्या प्लेग रुग्णालयातील स्त्रियांच्या स्थितीवर टीका केली. ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्या रमाबाई आणि सनातनी पक्षातील मंडळी यांचे या एका बाबतीत एकमत व्हावे, ही बाब लक्षणीय आहे.

या काळात लोकनेत्यांची भूमिका सरसकट विरोधाची नव्हती. लोकमान्य टिळक पुण्यातच राहिले. रोग्यास वेगळे ठेवण्याची आवश्यकता त्यांनी मान्य केली, हिंदू प्लेग रुग्णालय उभारण्यात पुढाकार घेतला आणि पुणे सोडून गेलेल्या पुढाऱ्यांवर टीका केली. त्यांचा आक्षेप अंमलबजावणीच्या रीतीला होता. सावित्रीबाई फुले यांनी आपले दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांच्या पुण्याजवळील दवाखान्यात रुग्णांची शुश्रूषा केली. त्या सेवेतच त्यांना प्लेगचा संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. शासनाची पथके पेठांत शिरण्याच्या सुमारासच, कोणत्याही सक्तीवाचून, अस्पृश्य गणलेल्या वस्त्यांतील रुग्णांना दवाखान्यात आणण्याचे हे कार्य चालू होते.

२२ जून १८९७ रोजी गणेशखिंड येथील गव्हर्नरच्या निवासस्थानी व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव साजरा झाला. रात्री तेथून परतताना दामोदर हरी चापेकर यांनी रँडवर व बाळकृष्ण चापेकर यांनी लेफ्टनंट आयर्स्ट याच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच मरण पावला. रँड ३ जुलै रोजी मृत्यू पावला. दामोदर यांना १८ एप्रिल १८९८ रोजी फाशी देण्यात आली. बाळकृष्ण व वासुदेव हे त्यांचे बंधू आणि महादेव रानडे यांना मे १८९९ मध्ये फाशी झाली. पुण्यावर नागरिकांच्या खर्चाने जादा पोलीस बसविण्यात आले. नातू बंधूंना १८२७ च्या २५ व्या विनियमान्वये चौकशीवाचून स्थानबद्ध केले. केसरीतील लेखनाबद्दल टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन १४ सप्टेंबर १८९७ रोजी त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरीची शिक्षा झाली. विलायतेत असलेले गोपाळ कृष्ण गोखले यांनी सैनिकांच्या अत्याचारांविषयी तेथे जाहीर आरोप केले होते. परत आल्यावर त्यांना पुरावा मिळू शकला नाही, म्हणून त्यांनी माफी मागितली. भयग्रस्त शहरात साक्षीस पुढे येण्याचे धैर्य कोणाला उरले नव्हते, हेही त्यामागील एक कारण मानले जाते. १८९८ मध्ये राजद्रोहाच्या कलमाची व्याप्ती वाढविण्यात आली. अशा प्रकारे आरोग्यविषयक प्रश्नाचे रूपांतर राजकीय दडपशाहीच्या प्रश्नात झाले.

धोरणात बदल : १८९८ मध्ये साथ पुन्हा उद्भवली व पहिल्यापेक्षा अधिक पसरली. जानेवारीत नासिक जिल्ह्यातील सिन्नर येथे दंगा झाला. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईतील मदनपुरा भागात शोधपथकाने जुलाहा जमातीतील एका आजारी मुलीस हलविण्याचा प्रयत्न केला असता मोठा दंगा होऊन गोळीबार करावा लागला. सक्तीमुळे लोक रुग्ण लपवितात, मृत्यूची नोंद चुकवितात व रोग दडवून त्याचा प्रसारच करतात, असा अनुभव सर्वत्र आला. त्यामुळे १८९८ नंतर शासनाने घरझडतीची व सक्तीच्या विलगीकरणाची पद्धत क्रमाक्रमाने सोडून दिली. लष्कराचा वापर थांबला. स्थानिक पुढाऱ्यांचे साहाय्य, ऐच्छिक लसटोचणी आणि वस्तीचे स्थलांतर यांवर भर देण्यात आला. प्रा. टॉमस फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली १८९८ मध्ये नेमलेल्या भारतीय प्लेग आयोगानेही पूर्वीच्या अनेक उपायांच्या उपयुक्ततेबद्दल शंका व्यक्त केली.

स्थलांतराचा उपाय खेड्यापाड्यांतील लोकांना पूर्वीपासून परिचयाचा होत गेला होता. घरात उंदीर पडू लागले की गाव सोडून रानात झोपड्या घालून राहावयाचे, ही रीत महाराष्ट्रात या काळात रूढ झाली. उंदरांपासून दूर जाणे हाच या रोगावरील त्या वेळचा सर्वांत परिणामकारक उपाय होता, हे पुढील संशोधनाने सिद्ध केले. ज्या पलायनाला शासनाने प्रारंभी अडाणीपणाचे लक्षण मानले, त्याच स्थलांतराची शिफारस काही वर्षांनी शासकीय पत्रकांतून होऊ लागली.

लस व संशोधन : हाफकिन यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील लहानशा जागेत काम करून तीन महिन्यांत मारित जंतूंची प्लेगप्रतिबंधक लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ उद्भवली असता स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती टोचण्यात आली व तिचा गुण दिसून आला. तिसरे आगाखान यांनी आपल्या खोजा अनुयायांसमोर स्वतः लस टोचून घेतली. त्यामुळे त्या समाजात हजारोंनी लस घेतली आणि मृत्यूचे प्रमाण घटले. शासनाच्या आज्ञेने जे साधले नाही, ते विश्वासातील व्यक्तीच्या उदाहरणाने साधले. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळ येथील जुन्या राजभवनात प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्‌घाटन झाले. १९०६ मध्ये तिला मुंबई जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा व १९२५ मध्ये हाफकिन संस्था असे नाव देण्यात आले. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे लस टोचलेल्या १९ व्यक्ती धनुर्वाताने दगावल्या. त्याचा ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर ठेवण्यात आला. तथापि लशीची कुपी उघडल्यानंतर जागेवरच दूषित झाली असावी, असे पुढे दिसून आले आणि १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले.

रोगप्रसाराचे कोडे उलगडण्यात मुंबई इलाख्याचा वाटा मोठा आहे. पॉल लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने जून १८९८ मध्ये त्या वेळी इलाख्यातच असलेल्या कराची येथे, रोगट उंदरावरील पिसवांमार्फत निरोगी उंदरास प्लेग होतो, असे प्रयोगाने दाखविले. परंतु प्लेग आयोगाने या मताला महत्त्व दिले नाही. ग्लेन लिस्टन यांनी मुंबईत केलेल्या निरीक्षणांनी आणि १९०५ पासून परळ येथे कार्य करणाऱ्या प्लेग संशोधन मंडळाच्या प्रयोगांनी सिमाँ यांचे मत खरे ठरले. प्लेगग्रस्त घरांत ठेवलेले गिनीपिग रोगी होत. पण त्यांचे पिंजरे पिसवांपासून सुरक्षित केल्यास ते निरोगी राहत. यावरून उंदीर मेल्यावर त्याच्या अंगावरील पिसवा माणसाकडे वळतात, हा क्रम निश्चित झाला. म्हणजे १८९६–९८ या काळात माणसाला माणसापासून तोडण्यासाठी जो प्रचंड खटाटोप झाला, तो ग्रंथिक प्लेगच्या बाबतीत बहुतांशी अस्थानी होता. रुग्णाच्या निकट राहणाऱ्या शुश्रूषकांना खरा धोका होता, तो मुख्यतः रोगाच्या फुप्फुसीय प्रकारापासून.

नगररचनेवरील परिणाम : रोगाचे मूळ गलिच्छ वस्तीत आहे, या समजुतीने १८९८ मध्ये खास अधिनियम करून मुंबई नगर सुधार न्यास स्थापण्यात आला. दाट वस्त्या पाडणे, रुंद रस्ते काढणे, नवीन जमीन वस्तीस योग्य करणे व गरिबांसाठी चाळी बांधणे ही त्याची कार्ये होती. सँडहर्स्ट मार्ग, प्रिन्सेस स्ट्रीट हे रस्ते आणि दादर, माटुंगा, वडाळा व शीव येथील आखीव वस्त्या ही या न्यासाची देणगी होय. मात्र पाडलेल्या घरांच्या मानाने गरिबांसाठी नवीन घरे फार थोडी बांधली गेली. विस्थापित लोक शेजारच्या मोहल्ल्यांत शिरले, तेथील दाटी व भाडे दोन्ही वाढली. हा न्यास १९३३ मध्ये नगरपालिकेत विलीन झाला.

मूल्यमापन : मुंबईहून निघालेली ही साथ पुढे देशभर, विशेषतः पंजाबात, पसरली आणि पुढील दोन-तीन दशकांत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे प्लेगने मरण पावली. विज्ञानाची त्या काळची मर्यादा पाहता रोग आटोक्यात आला नाही, याचा दोष सर्वस्वी इलाखा शासनास देता येत नाही. परंतु स्वतःच्या ज्ञानाविषयी अवाजवी खात्री बाळगून लष्करी बळाने उपाय लादणे आणि तक्रार हाच राजद्रोह मानणे, या चुका टाळता येण्याजोग्या होत्या. त्याच गव्हर्नरच्या अमदानीत मुंबईत स्थानिक सहकार्याने जे काही प्रमाणात साधले, ते पुण्यात साधले नाही, हे त्याचेच प्रमाण होय. दुसऱ्या बाजूने, रोग लपविण्याने व अफवांनी अनेकांचे प्राण गेले, हेही नाकारता येत नाही. शासनावरील अविश्वास हा स्वतःच रोगप्रसाराचे एक कारण बनतो, हा या साथीचा प्रमुख धडा मानता येईल.

स्वातंत्र्योत्तर काळात सार्वजनिक आरोग्य हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय झाला. १९९४ मध्ये सु. तीन दशकांच्या खंडानंतर बीड जिल्ह्यातील मामला गावी ग्रंथिक प्लेगचे रुग्ण आढळले आणि पाठोपाठ सुरत येथे फुप्फुसीय प्लेगचा उद्रेक होऊन लाखो लोकांनी ते शहर सोडले. तोवर प्रतिजैविके उपलब्ध झाली होती, त्यामुळे साथ लवकर आटोक्यात आली. पण भयाने होणारे पलायन मात्र शंभर वर्षांपूर्वीसारखेच होते. मार्च २०२० मध्ये कोव्हिड-१९ च्या साथीत महाराष्ट्र शासनाने १८९७ चाच साथरोग अधिनियम लागू केला. ज्या ऑर्थर रोड रुग्णालयावर १८९६ मध्ये जमाव चालून गेला होता, तेच पुढे कस्तुरबा रुग्णालय म्हणून ओळखले जाऊ लागले आणि मुंबईतील कोव्हिडचे पहिले रुग्ण तेथे दाखल झाले. त्याच वर्षी अधिनियमात दुरुस्ती होऊन आरोग्यसेवकांवरील हल्ल्यास कठोर शिक्षा ठरविण्यात आली. परंतु विलग केलेल्या नागरिकांच्या हक्कांची तरतूद त्या दुरुस्तीतही झाली नाही. गणेशखिंडीतील ज्या वास्तूतून रँड अखेरचा बाहेर पडला, ती पुढे पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत झाली. २०१४ मध्ये या विद्यापीठास, त्याच साथीत रुग्णसेवा करताना मरण पावलेल्या सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले.